ठिगळाची जन्मपत्रिका

'पॅच' या शब्दाला मराठीत अगदी नेमका शब्द आहे : ठिगळ. आजी फाटलेल्या गोधडीला लावते ते. ऑपरेटिंग सिस्टिम ही पण एक अवाढव्य गोधडीच. विंडोज घ्या, लिनक्स घ्या, नाहीतर तुमच्या खिशातला अँड्रॉइड घ्या, आत कोट्यवधी ओळींचा कोड असतो आणि त्यात कुठे ना कुठे भोक राहतंच. ते लक्षात आलं की बनवणारे एक ठिगळ पाठवतात. १९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' याच नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जुन्या फाइलमध्ये फक्त बदललेल्या ओळी बसवायच्या, एवढंच त्याचं काम. (याच गृहस्थांनी १९८७ मध्ये पर्ल ही भाषा काढली.) पुढे तो शब्द सगळ्यांनीच उचलला.

या लेखात मी पॅचबद्दल फार लिहिणार नाहीये. पॅचच्या *माहितीबद्दल* लिहिणार आहे, ज्याला आपण मेटाडेटा म्हणतो. ठिगळ कुठल्या गोधडीचं, किती तारखेचं, कुठलं भोक बुजवतं आणि आधीचं कुठलं ठिगळ काढून त्या जागी बसतं, ही सगळी त्याची जन्मपत्रिका! टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टसाठी मी आणि माझ्या पार्टनरने लॅबमधल्या मशीन्सचे पॅच तपासणारं एक छोटं टूल लिहिलं. तेव्हा कळलं की पॅच बसवणं सोपं आहे, पण 'बसला आहे' हे कोडमध्ये खरं खरं लिहिणं कठीण आहे. (माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे 'अद्ययावतीकरण' असे शब्द माझ्याकडून येणार नाहीत. मराठीच्या मॅडम सांभाळून घेतील.)

आधी मेगाब्लॉक

मी डोंबिवलीची, म्हणजे हॉस्टेलवाल्यांच्या भाषेत 'लोकल'. त्यामुळे उदाहरणही लोकलचंच. शनिवारी मध्य रेल्वे रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना काढते. कुठून कुठपर्यंत, जलद की धीमा मार्ग, अप की डाऊन, किती ते किती, कुठल्या गाड्या रद्द, कुठल्या वळवल्या. ही सूचना म्हणजे मेटाडेटा. रूळ दुरुस्त करणारे हात वेगळे, पण आपला रविवार त्या सूचनेवर ठरतो. मे २०२४ च्या शेवटी ठाण्याच्या फलाट ५-६ च्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, तेव्हा कुणी नुसतं 'ब्लॉक आहे' एवढंच सांगितलं असतं तर कल्याणच्या माणसाने करायचं काय? आणि ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरने जाणाऱ्याने उगाच घाबरायचं का? सूचना *कुणाला लागू* हे त्यात असावं लागतं. पॅचचंही तसंच.

एवढं महत्त्वाचं का?

कारण या माहितीतल्या चुकीचे परिणाम जगाने पाहिलेत. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० नावाचं बुलेटिन काढलं. विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत, असलेली भोकं त्याने बुजवली. बरोबर ५९ दिवसांनी, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय आलं. ते कुणाच्या क्लिकची वाट बघत नव्हतं. एका मशीनमधून ते नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनमध्ये स्वतःहून उडी मारायचं. सुमारे १५० देशांत दोन लाखांहून जास्त मशीन्स अडकली, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. ठिगळ मात्र दोन महिने तयार होतं!

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आलं आणि ते आपल्या दारापर्यंत पोचलं. मर्स्क या डॅनिश समूहाचे कॉम्प्युटर जगभर बंद पडले आणि त्यांचं न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनलही त्यात सापडलं. कंटेनर जागच्या जागी होते, पण कुठला कुणाचा हे सांगणारी सिस्टिमच नव्हती. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे ट्रेलर मुंब्रा बायपासवर आणि शीळफाट्यावर आपण रोज बघतो. त्यातले कितीतरी याच बंदरातून निघतात. नॉटपेट्याची आणखी एक खोडी होती : एखादं बिनपॅचचं मशीन मिळालं की तिथून पासवर्ड उचलून ते पॅच *असलेल्या* मशीन्सवरही पसरायचं. म्हणजे तीसपैकी एकोणतीस मशीन्स ठीक आहेत याला काही अर्थ नाही. तिसावं कुठलं, हे कळलं पाहिजे.

आता हॉस्टेलवाल्यांनो, पिक्चर आणि जुने सबमिशन वाटायला तुम्ही लॅनवर जो शेअर्ड फोल्डर उघडून ठेवता, तो याच एसएमबीवर चालतो. वॉनाक्राय पसरलं त्याच रस्त्याने. आवृत्ती नवी असेल, पण रस्ता तोच.

रेकॉर्ड कसं दिसतं

आमच्या टूलमधलं एक खरं रेकॉर्ड देते. मार्च २०१७ चा विंडोज ७ साठीचा मासिक संच :

ओळख : केबी४०१२२१५
प्रसिद्धी : २०१७-०३-१४
लागू : विंडोज ७ सर्व्हिस पॅक १, ३२ बिट, ६४ बिट
बुजवलेली भोकं : सीव्हीई-२०१७-०१४४ आणि इतर
ज्याची जागा घेतो : आधीचा मासिक संच
रीस्टार्ट : लागतो
स्थिती : चालू / मागे घेतला

यातली एकेक ओळ वरवर साधी दिसते. आता प्रत्येक ओळीत काय दडलंय ते बघू.

ओळख हा आकडा नाही

सीव्हीई म्हणजे भोकांचा जागतिक रजिस्टर नंबर. हे रजिस्टर १९९९ पासून मायटर ही अमेरिकन संस्था सांभाळते. नंबर दिसला की आपला हात आपोआप 'इंट'कडे जातो. पण ०१४४ इंटमध्ये टाकलं की १४४ होतं, पुढचं शून्य गेलं आणि ओळख बदलली. मग 'शेवटी नेहमी चार अंक असतात' असं धरायचं का? तेही नाही. एका वर्षात दहा हजारांहून जास्त भोकं येणार हे दिसल्यावर १ जानेवारी २०१४ पासून पाच किंवा जास्त अंकांची मुभा दिली गेली. तेव्हा ओळख ही स्ट्रिंग म्हणूनच ठेवायची, तिच्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही. आपला सीट नंबर आपण कधी कुणाच्या सीट नंबरमध्ये मिळवतो का?

तारखेचा घोळ

मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच काढते. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच पडतो. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, आपण दिवस. ११ एप्रिल २०१७ ची तारीख त्याने ०४/११/२०१७ लिहिली की आपण ४ नोव्हेंबर वाचणार. गंमत अशी की १३ किंवा १४ तारीख आली तर प्रोग्रॅम लगेच ओरडतो, कारण तेरावा महिना नसतो. ८ ते १२ ला मात्र तो गुपचूप चुकीची तारीख घेतो. म्हणून वर्ष-महिना-दिवस हाच क्रम, आणि तारखेसाठी तारखेचाच टाइप वापरायचा.

वेळेचंही बघा. तिकडे सकाळी दहाला पॅच येतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये साठवायच्या आणि दाखवताना भारतीय वेळ दाखवायची. शिवाय 'दर महिन्याला पॅच येतोच' असंही कोडमध्ये गृहीत धरू नये. फेब्रुवारी २०१७ चा मंगळवार मायक्रोसॉफ्टने चक्क पुढे ढकलला होता.

४.१० मोठं की ४.९?

गणिताच्या सरांना विचारलं तर ४.९ मोठं. लिनक्सवाल्याला विचारलं तर ४.१० मोठं, कारण ४.९ डिसेंबर २०१६ मध्ये आलं आणि ४.१० फेब्रुवारी २०१७ मध्ये. आवृत्ती हा दशांश अपूर्णांक नाही. टिंबांनी वेगळे केलेले ते स्वतंत्र आकडे आहेत. टिंबावर तोडायचं, प्रत्येक तुकड्याचा आकडा करायचा आणि डावीकडून तुलना करायची.

डेबियनमध्ये आणखी वळणं आहेत. तिथे १.०~आरसी१ ही आवृत्ती १.० च्या *आधीची* धरली जाते, म्हणजे ते नागमोडी चिन्ह 'काहीच नाही'पेक्षाही लहान! सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे सरकारी ऑफिसात काम करायची वेळ आली तर हे नियम आपल्याला लागणारच.

सगळ्यात मोठा सापळा वेगळाच आहे. ७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे भोक जाहीर झालं. मूळ प्रोजेक्टने दुरुस्ती १.०.१जी या आवृत्तीत दिली. पण डेबियनने आपल्या स्थिर आवृत्तीत जुनी १.०.१ई तशीच ठेवली आणि फक्त दुरुस्ती तिच्यात शिवली, शेवटी डेब७यू५ असं शेपूट लावून. आता नुसतं 'ई हे जीच्या आधी येतं, म्हणून धोका' असं लिहिलेलं टूल दुरुस्त झालेल्या मशीनवरही बोंब मारणार. चार वेळा खोटी बोंब ऐकली की पाचव्या खऱ्या बोंबेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून 'कुठल्या आवृत्तीत दुरुस्त झालं' ही माहिती मूळ प्रोजेक्टची न घेता त्या-त्या वितरकाची घ्यायची, आणि तुलनेचे नियमही त्याचेच वापरायचे.

जागा घेणारे पॅच

आता मुख्य गोष्ट. वॉनाक्रायच्या दिवसांत सगळे आपापल्या मशीनवर मार्चचा केबी नंबर शोधत होते. समजा एखाद्या विंडोज ७ मशीनवर मार्चचा केबी४०१२२१५ यादीत नाही, पण मे महिन्याचा केबी४०१९२६४ आहे. हे मशीन सुरक्षित आहे का? आहे! ऑक्टोबर २०१६ पासून मासिक संच साठत जातात. एप्रिलचा केबी४०१५५४९ मार्चची जागा घेतो आणि मेचा एप्रिलची.

मेसच्या डब्यासारखं समजा. वरचा मोठा डबा आला की आतले सगळे त्याच्यात असतात, प्रत्येक डबा वेगळा मोजायचा नसतो.

कोडमध्ये हा एक ग्राफ होतो. प्रत्येक पॅच म्हणजे नोड आणि 'याची जागा घेतो' हा बाण. डेटा स्ट्रक्चर्सच्या व्हायवात आपण डीएफएस घडाघडा म्हणतो, पण तो कशाला लागतो हे मला इथे समजलं. मार्चपासून निघायचं, त्याची जागा घेणारे सगळे गोळा करायचे, मग त्यांची जागा घेणारे, असं टोकापर्यंत. त्यातला एकही बसलेला असेल तर भोक बुजलं. 'आधी पाहिलेले' असा एक सेट हाताशी ठेवायचा, कारण बाहेरून आलेल्या माहितीत चुकून चक्र असेल तर प्रोग्रॅम रात्रभर फिरत बसेल.

एक खाचखळगा इथेही आहे. त्या काळात विंडोज ७ साठी दुसरा एक मार्ग होता, 'फक्त सुरक्षा' पॅचचा. मार्चचा तसा पॅच म्हणजे केबी४०१२२१२. हे साठत जाणारे नव्हते, प्रत्येक महिन्याचा वेगळा बसवावा लागायचा. म्हणजे एकच भोक दोन वेगळ्या ठिगळांनी बुजवता येतं. त्यामुळे प्रश्न 'अमुक पॅच आहे का' असा न विचारता 'अमुक *भोक* बुजलं का' असा विचारायचा. आमच्या डिझाइनमध्ये म्हणूनच भोक आणि पॅच हे दोन वेगळे क्लास आहेत आणि त्यांच्यात अनेकास-अनेक नातं आहे.

'हो' आणि 'नाही' पुरत नाहीत

लॅबच्या साध्या शीटमध्ये 'अपडेट' नावाचा कॉलम असतो आणि त्यात हो किंवा नाही. आम्हाला मात्र सहा उत्तरं लागली, आणि ती स्ट्रिंग न ठेवता एनम केली. 'बसला', 'बसलाय', 'बसला आहे' अशी तीन स्पेलिंगं झाली की मोजणी बोंबलते. ही ती सहा :

१. लागू नाही : हार्बरच्या प्रवाशाला मेनलाइनचा ब्लॉक.
२. बाकी : लागू आहे, पण हा किंवा याच्या जागी येणारा कुठलाच बसलेला नाही.
३. अर्धवट : बसवला, पण रीस्टार्ट केलेलं नाही. चालू मेमरीत जुनाच कोड पळतोय. लॅपटॉप महिनोन्‌महिने नुसता झाकण लावून ठेवणाऱ्यांनी ही ओळ परत वाचावी.
४. बसला : रीस्टार्टसकट.
५. माहीत नाही : मशीनने बरेच दिवस हजेरीच दिली नाही. आम्ही सात दिवसांची मर्यादा ठेवली.
६. येणारच नाही : ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपली.

शेवटच्या दोनांसाठी माझं आणि पार्टनरचं बरंच भांडण झालं. तिचं म्हणणं, एवढी गुंतागुंत कशाला? पण असं बघा, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदत संपलेल्या मशीनसाठी नवे पॅचच निघत नाहीत. म्हणजे 'बाकी किती?' असं विचारलं तर उत्तर शून्य येतं! शून्य बाकी म्हणजे हिरवा दिवा. लॅबमधलं सगळ्यात धोक्याचं मशीन सगळ्यात सुंदर हिरवं दिसणार. डॉक्टरकडे जाणंच सोडलं तर आजारांची यादी कोरी राहते, तसं.

म्हणून आमचं टूल पॅचकडे वळण्याआधी मशीनला दोन प्रश्न विचारतं : तुझी मुदत संपली का? आणि तू शेवटचं कधी बोललंस? त्यानंतर बाकीचं. मुदतही नुसती ऑपरेटिंग सिस्टिमवरून काढता येत नाही, कारण विंडोज १० च्या घरगुती मशीन्सना नोंदणी केल्यावर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. त्यामुळे 'मुदत' हे फील्ड आम्ही मशीनच्या क्लासमध्येही ठेवलं.

मागे घेतलेले पॅच

ठिगळाने कापड आणखी फाटलं तर? विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ ला आली आणि काही लोकांच्या फाइलीच उडाल्याच्या तक्रारी आल्या. चार-पाच दिवसांत ती थांबवली गेली आणि १३ नोव्हेंबरला सुधारून परत आली. १९ जुलै २०२४ तर आठवतच असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. तो काही ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅच नव्हता, पण धडा तोच. रेकॉर्डमध्ये 'स्थिती' हवी, आणि मागे घेतलेलं रेकॉर्ड डेटाबेसमधून *पुसायचं नाही*. पुसलं तर तो ज्या मशीनवर बसलाय ते शोधणार कसं?

याच कारणासाठी आम्ही आधी दोन मशीन्सवर पॅच बसवून दोन दिवस थांबायचं असा नियम ठेवला. दोनच दिवस, कारण फार थांबलं तर ५९ दिवसांची गोष्ट परत घडते.

मग झालं काय?

टूल चालवल्यावर लॅबमधली चार मशीन्स 'येणारच नाही'मध्ये निघाली. ती मायक्रोकंट्रोलर किटला जोडलेली आहेत आणि किटचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. नवीन किट घ्यायचं तर बजेट लागतं, ते एका दिवसात होत नाही. सरांनी त्यांच्या लॅन केबल काढायला सांगितल्या. आता त्या मशीन्सवरून प्रोग्रॅम किटमध्ये जातात, पण नेटवर्कवर काही जात नाही. लॅबचे काका सुरुवातीला वैतागले, आता तेच पोरांना पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत.

मला हे महत्त्वाचं वाटतं ते एवढ्याचसाठी नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००० च्या सुमारास नागरी सेवांचं संगणकीकरण केलं आणि तो नमुना पुढे राज्यातल्या इतर पालिकांपर्यंत गेला. आज घरपट्टी, जन्मदाखला, पाणीबिल, हॉस्पिटलचा केसपेपर, आपला परीक्षेचा फॉर्म, सगळं कुठल्या ना कुठल्या मशीनवर आहे. तिथे कुणीतरी रोज एक हिरवा-लाल तक्ता बघून निर्धास्त होतं किंवा धावपळ करतं. उद्या तो तक्ता बनवणारे आपल्यापैकीच कुणीतरी असणार.

तोपर्यंत हॉस्टेलच्या खोलीत करण्यासारखं पाच मिनिटांचं काम सांगते. सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेटची हिस्टरी उघडा आणि शेवटचा पॅच *कुठल्या तारखेचा* आहे ते बघा. 'यू आर अप टू डेट' या ओळीवर थांबू नका. तारीख दोन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर अपडेट चालवा, मग खरंखुरं रीस्टार्ट करा. कॉमन रूममधल्या पीसीचंही तेवढं बघा, त्याला कुणीच मालक नाही. आणि लॅनवरचा शेअर्ड फोल्डर, पिक्चर उतरवून झाला की, कृपया बंद करा!